चहाआधीची बातमी

अक्का, आज सकाळचा चहा गार झाला.

सहाला उठले, स्टोव्ह पेटवला, आलं ठेचलं, चहा गाळला, सगळं नेहमीसारखं केलं आणि कप घेऊन ओट्याशी उभी राहिले. तोंडाशी नेता येईना. दहा मिनिटं तशीच उभी. वर जाड साय धरली तेव्हा कप मोरीत ओतला आणि तुमच्या नावाने अशी ओरडले की तुमचे बंधुराज अर्ध्या गालाला साबण लावून धावत आत आले.

"काय झालं वं?"

"तुमच्या बहिणीनं अजूनही मला चहा पिऊ दिला नाही."

ते परत गेले आणि उरलेली दाढी करत बसले.

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. तेरवी झाली, सतरंज्या परत गेल्या, वडनेरची मंडळी कालच्या एसटीने रवाना झाली. येणारा प्रत्येक जण मला म्हणाला, नणंदेचं फार केलंस हो तू. मी मान हलवत राहिले. खरं सांगू? मला रडू कमी येतंय आणि चीड जास्त. तुमच्या हयातीत तुमची चीड येत होती ती समजण्यासारखी होती, पण माणूस गेल्यावर तरी जरा उसंत मिळावी की नाही?

कारणही सांगते. शेवटच्या आजारात दीड महिना मी तुमच्याशी रोज खोटं बोलले. रोज सकाळी, तुमच्या खाटेशी उभं राहून. तुम्हाला ते कळलं होतं का, एवढा एकच प्रश्न डोक्यात घेऊन मी तुमच्या तेरवीच्या पंगतीत वाढत होते. कळलं नसेल, तर ज्या बाईनं मला अंथरुणातून उठवलं तिला मी फसवून पाठवलं. आणि कळलं असेल, तर तुम्ही गप्प का बसलात? गप्प बसणं हा काही तुमचा स्वभाव नव्हता. उत्तर मला काल दुपारी मिळालं. ते सांगतेच, पण क्रमाने. अधलंमधलं सोडून सांगितलेलं तुम्हाला कधी खपलं नाही.

आणीबाणीचं वर्ष. मिनू पाच महिन्यांची होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. पोर रडली की ऐकू यायची, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरात रडतेय असं वाटायचं. दूध पाजायचं आणि पुन्हा भिंतीकडे वळायचं. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, नोकरीवाल्या बायकांचे हे असेच लाड असतात. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, मन रमवा. कशात रमवायचं ते मात्र चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं.

मग तुम्ही आलात. वडनेरहून, एका पिशवीत तुरीची डाळ आणि दुसरीत दोन लुगडी घेऊन, दहा दिवसांसाठी. ते दहा दिवस दहा वर्षं चालले. शेत पुतण्याच्या हवाली करून तुम्ही आमच्या मागच्या खोलीत जो मुक्काम ठोकलात तो ठोकलातच. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही चहाचं भांडं मांडीशी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात, भर रस्त्यात पोलीस बसावा तशा.

"बाहेर जाय अन् एक बातमी घेऊन ये. मंग चहा."

"कसली बातमी?"

"जे दिसन ते. पन मानसाची नाई पाहिजे. मानसाच्या बातम्या मले शेजारची काळेबाई आनून देते."

"मला बरं नाही, अक्का."

"म्हून तं सांगून राह्यली. बसला बैल उठवाच लागते वं. बसून राह्यला का त्याचे पाय धरतेत."

बैल! यवतमाळच्या मास्तरांची मुलगी मी, बी.ए. झालेली. आमच्या घरात 'गाढव' हा शब्दसुद्धा कुणी कुणाला उद्देशून वापरत नसे. मी संतापाने उठले. इतक्या महिन्यांत मला संताप असा पहिल्यांदाच आला होता, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. त्या वेळी फक्त एवढंच कळत होतं की चहाचं भांडं तुमच्या ताब्यात आहे आणि चहाशिवाय माझा दिवस उजाडत नाही. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली कोण जाणे. बहुधा बंधुराजांनीच फितुरी केली.

नळापर्यंत जाऊन आले. म्हटलं, "मुंग्या आहेत."

"कुठून कुठं चालल्या?"

"ते नाही पाहिलं."

"तोंडात काय होतं त्यायच्या?"

पुन्हा गेले. मुंग्या नळाच्या ओट्यावरून काळेबाईंच्या दाराकडे चालल्या होत्या आणि त्यांच्या तोंडात तांदळाच्या कण्या होत्या. परत येऊन सांगितलं. तुम्ही विचारलंत, सगळ्यायच्या का काहीच्या? तिसऱ्यांदा जावं लागलं. त्या दिवशी चहा मिळेपर्यंत सव्वाआठ वाजले होते आणि मी तुमच्या नावाने मनातल्या मनात जे काय बोलले ते मास्तरांच्या मुलीला शोभणारं नव्हतं.

हळूहळू तुमचे कायदे कळत गेले. बातमी माणसाची चालत नाही. कालची चालत नाही. ऐकीव चालत नाही, स्वतः उभं राहून पाहिलेली पाहिजे. आणि उलटतपासणीत फुटली तर पुन्हा बाहेर.

आपला तेव्हापासून चाललेला वाद आठवतो? मी म्हणायची, निसर्गच पाहायचा तर कुठे टेकडीवर जाऊ, नदीवर जाऊ, रविवारी बगीच्यात जाऊ. शाळेत मी ज्या कविता शिकवत होते त्यांत झुळझुळ वाहणारे झरे होते. आपल्याकडे काय होतं? वर्ध्याच्या स्टेशनच्या अंगाला आठ घरांची एक ओळ. पुढे धुळीचा रस्ता, मागे नाली, नालीच्या कडेला बेशरमाची झुडपं, मधे एक नळ. आणि ओळीच्या पश्चिम टोकाला, तुमच्या खोलीच्या खिडकीवर, एक निंब. तो इतका अंगावर आलेला की तुमच्या खोलीत दुपारी चारलासुद्धा दिवा लावावा लागे. मी सतरा वेळा म्हटलं की अक्का, पुढची खोली घ्या, उजेडाची आहे. तुम्ही म्हणायचात, मले अंधारच बरा, थंड राह्यते.

"नालीवर काय पाहायचं, अक्का? नालीवर कुणी निसर्ग पाहायला जातं का?"

"नदीवर तू कवा जाशीन? सहा महिन्यानं? अन् नाली रोज हाये."

मी पायात चपला सरकवल्या.

मग मी त्या नालीवर गेले, वर्षानुवर्षं. इलेक्ट्रिकच्या मीटरच्या पेटीत चिमणीने घरटं केलं आणि त्यात गवतापेक्षा जिनिंगमधून उडून आलेला कापूसच जास्त होता, ही बातमी तुम्हाला इतकी आवडली की त्या दिवशी दोन कप मिळाले. कोतवाल हा एवढासा पक्षी तारेवरून कावळ्याला हाकलत स्टेशनापर्यंत नेतो, हे मी तिशीच्या घरात पोचल्यावर पहिल्यांदा पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या भेगेतून पिंपळ उगवला. तुळशीपुढच्या निरांजनातली वात खारीने पळवली. बेशरमाला फुलं येतात, जांभळट, चांगली मोठी, आणि ती दुपारनंतर मलूल होतात. एका फुलाचं नाव बेशरम ठेवणाऱ्या माणसावर तुमचा फार राग होता. "कोनं ठेवलं वं हे नाव? त्यानं काय मांगलं कोनाले? नालीच्या पान्यावर जगून राह्यलं," असं म्हणायचात.

मी बरी कधी झाले, ते मला सांगता येत नाही. पण एक सकाळ सांगता येते. निंबाच्या ढोलीवरून साळुंक्यांची जोडी आणि एक खार यांचं जोरदार भांडण लागलं होतं. साळुंक्या ढोलीच्या तोंडाशी, खार फांदीवर शेपटी उडवत. मी वीस मिनिटं खाली उभी. आत आले ती हातवारे करत, आवाज काढून दाखवत तुम्हाला सांगू लागले. मिनू तुमच्या मांडीवर होती. माझे हातवारे पाहून ती खदखदून हसली आणि मला तिच्या खालच्या हिरडीवर दोन दात दिसले.

"अक्का, हे कधी आले?"

"पंधरा रोज झाले असतीन."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मानसाची बातमी होती. म्हून सांगतली नाई."

मला तुमच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. मिनूला तुमच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि ते दोन दात बोटाने चाचपत मी तिथेच जमिनीवर बसून रडले. चहा त्या दिवशी मी मागितलासुद्धा नाही. तुम्हीच आणून शेजारी ठेवलात.

पुढे मी नोकरीवर परत गेले आणि तुमच्याशी भांडायला मोकळी झाले. मी म्हणायची की मला डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुण आला. मला वाटायचं तुम्ही वाद घालाल, तुमचंच श्रेय सांगाल, म्हणजे मला चार गोष्टी सुनावता येतील. तुम्ही म्हणालात, "हाव, गोयीनंच. गोयी घेत राहजो. गोयी पोटात जाते, पन बातमी आनाले पाय लागतेत." भांडणाऱ्या माणसाला असं 'हाव' म्हणणं हा अन्याय आहे, अक्का. इतकी वर्षं तुम्ही माझ्यावर हा अन्याय केलात.

माझे बाबा गेले त्या उन्हाळ्यात मी पुन्हा भिंतीकडे वळले. तुम्ही दोन दिवस चहा दिला नाहीत. दिनू, तू मधी पडू नको, असं बंधुराजांना बजावल्याचं मला पडल्या पडल्या ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी मी आतूनच ओरडले, "बाहेर काही नाहीये, अक्का! काहीसुद्धा नाही!"

"पाहून सांगून राह्यली का पडल्या पडल्या? काहीच नाई, हे बी पाहूनच सांगा लागते."

गेले. मे महिना होता. नाली आटलेली, बेशरम वाळलेलं, तारेवर कुणी नाही, सात वाजताच रस्ता तापलेला. खरंच काही नव्हतं. मी निंबाखाली जाऊन उभी राहिले, कारण ओळीत तेवढीच सावली होती. किती वेळ ते आठवत नाही. परत येऊन म्हटलं, "काही नाही." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि भांडं पुढे सरकवलंत. "बरं. घे." एकही उलटप्रश्न नाही. तेवढ्या एका दिवसापुरती तुमच्यावर माझी काही तक्रार नाही.

आता शेवटचं सांगते.

गेल्या दसऱ्यानंतर तुम्ही नळावर घसरलात आणि खुब्याचं हाड गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू आधीच होता. खाट हीच तुमची जागा झाली, तीही त्या अंधाऱ्या खोलीत. बंधुराजांनी तुमच्यासाठी टीव्ही आणला. हो, तुमच्यासाठीच, तुमचा वेळ जावा म्हणून. तोपर्यंत आपल्या ओळीत सगळ्यांकडे आला होता. तुमच्या खोलीत मांडला, लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. तुम्ही डोळे बारीक करून पाहत राहिलात आणि विचारलंत, "कुठून कुठं चालल्या ह्या? तोंडात काय हाये?" मिनू हसून लोळली. मी मात्र चिडले. एवढ्या हौसेनं माणूस वस्तू आणतो आणि तुम्ही थट्टा करता!

अँटेना लावणारा म्हणाला, तुमच्या ओळीत चित्र नीट येणारच नाही, हे झाड आडवं आहे. काळेबाई म्हणाल्या, नगरपालिकेत अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ. अक्षर चांगलं म्हणून अर्ज लिहायला मला सांगितलं. मी लिहिला. फांद्या छाटून मिळाव्यात, एवढंच लिहिलं होतं. सही पहिली माझी. मला वाटलं, चित्र स्वच्छ झालं तर तुमची दुपार बरी जाईल. दहा वर्षं ज्या बाईनं मला त्या झाडाखाली हाकललं, तिचा वेळ जावा म्हणून मी त्या झाडावर अर्ज लिहिला. हे माझं डोकं.

दिवाळीनंतर तुमच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. चौथ्या दिवशी मी आंघोळीला घरी आले तर ओळीच्या टोकाला आकाश होतं. खाली गुडघ्याएवढं खोड, भोवती पाला आणि दोन माणसं लाकडं गाडीत भरत होती.

"फांद्याच छाटायच्या होत्या ना?"

"अर्ध कापलेलं झाड घरावर पडलं तं कोन जिम्मेदार, बाई?"

काळेबाई दारातूनच म्हणाल्या, "चित्र पाय बरं आता. कसं आरशासारखं येऊन राह्यलं."

आठही घरांत चित्र स्वच्छ येत होतं. मी ओळीतल्या सगळ्यांच्या हातापाया पडले की अक्कांना कुणी सांगू नका. सगळे कबूल झाले. काळेबाईंनी पहिल्यांदाच एखादी बातमी पोटात ठेवली.

तुम्हाला पुढच्या दारानं उचलून आत आणलं. खाटेवर टेकवलं. पहिल्याच आठवड्यात तुमच्या शंभर फर्माइशी सुरू झाल्या. उशी उंच कर. तो टीव्हीचा डबा बंद कर, डोक्शात घुमते. ऊन येते तोंडावर, खाट अर्धा हात सरकव. लोटा डाव्या अंगाला ठेव. मी शाळेतून दमून आलेली असे. म्हटलं, "अहो, थंडीचं ऊन चांगलं असतं अंगाला!" पण सरकवली खाट. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा खाट हलकी होती.

आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तुम्ही विचारलंत, "निंबाची काय खबर?"

मी म्हटलं, "साळुंक्या आहेत. ढोलीत."

"किती?"

"दोन."

"बरं. घे चहा."

तो घोट मला कसा उतरला ते मी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निंबाची काय खबर. मी खार सांगितली. मग कोळ्याचं जाळं. मग पोपट, मग पुन्हा साळुंक्या. एरवी नालीचं, तारेचं, टाकीचं काहीही चालायचं, पण आता तुम्हाला रोज निंबच हवा होता. मी वैतागून जायची. म्हातारीला आत्ताच निंबाचं वेड का लागावं? आणि खोटी बातमी आणायला बाहेर जावं लागत नाही, ती स्टोव्हपाशीच तयार होते. मी बाहेर जायची बंद झाले. दार उघडायचं, पुन्हा लावायचं, भांडं वाजवायचं आणि आत येऊन सांगायचं. डिसेंबर लागला तसा मला सकाळी उठताना भिंत पुन्हा जवळ वाटू लागली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच.

मग एक दिवस तुम्ही विचारलंत, "निंबाले फुलं आले काय वं?"

"येताहेत," मी म्हटलं. घाईत होते, मिनूची वेणी घालायची होती.

"बरं."

तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना माझा खडू थांबला. निंबाला फुलं चैत्रात येतात. दहा वर्षं मीच तुम्हाला ती बातमी चैत्रात आणून देत होते, ती बारीक पांढरी फुलं मिनूच्या फ्रॉकमधून आत यायची. आणि आपण होतो मार्गशीर्षात. मी वर्गासमोर उभी राहून लाजेनं लाल झाले. मग स्वतःची समजूत घातली की अक्कांना आता महिने कळत नाहीत, वय झालं. तुमचं वय झालं असं मी समजले, याची मला आता सगळ्यांत जास्त शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी मी दारात भांडं वाजवून आत आले तर तुम्ही म्हणालात, "निंब राहू दे आता. नालीकडची सांगत जाय."

"नालीकडची? एवढ्या थंडीत?"

"हाव. अन् तीन गोष्टी सांगजो. एकीनं माह्यं भागत नाई."

चिडले, पण गेले. आता तीन तीन गोष्टी! शाल गुंडाळून नालीवर उभी राहायची, नाक वाहतंय, पाय गारठलेत. खंड्या दिसला, नालीच्या कडेच्या तारेवर, पाठीवर निळा. बेशरमाच्या पानावर दव. डबक्यावर काड्यांसारख्या पायांचे किडे, पाण्यावर चालणारे. तुम्ही सगळं विचारून घ्यायचात, पाय किती, रंग कसा, डबकं कोणाच्या दारामागचं. आवाज खोल गेला होता तुमचा, पण तपासणी तशीच कडक. पौष अर्धा होईपर्यंत माझी भिंत मागे सरकली होती. आणि मग तुम्ही गेलात, सकाळी, मी नालीवर असताना. पिंपळाला नवीन पान आलंय ही बातमी घेऊन मी परत आले आणि ती सांगायला कुणी नव्हतं.

काल दुपारी मी तुमची खोली झाडायला काढली. खाट ओढून पूर्वीच्या जागी लावली आणि गोधडीची घडी करायला तिच्यावर बसले. चार वाजले होते. ऊन थेट माझ्या डोळ्यांत आलं. मी हात आडवा धरला आणि तशीच बसून राहिले.

त्या खोलीत दहा वर्षांत कधी ऊन आलं नव्हतं, अक्का. निंब येऊच देत नव्हता.

ऊन येते तोंडावर, खाट अर्धा हात सरकव. पहिल्याच आठवड्यात. म्हणजे डोळ्यांनी नीट दिसत नसलेल्या बाईला निंब गेल्याचं घरी आल्या आल्या कळलं होतं. आणि तरी रोज सकाळी तुम्ही मला निंबाचीच खबर विचारत राहिलात. दीड महिना! मी तुमच्यासमोर साळुंक्या आणि खारी उभ्या करत होते आणि तुम्ही 'बरं, घे चहा' म्हणत होतात. का विचारत होतात ते काल त्या खाटेवर कळलं. रोज तुम्ही मला सांगायची संधी देत होतात आणि मी रोज ती चहाबरोबर गिळत होते. मग मला उघडं पाडण्याऐवजी तुम्ही निंबाची फुलं विचारलीत. माझ्या 'येताहेत'वरून तुमच्या लक्षात आलं की ही आता बाहेरच जात नाही, बैल पुन्हा बसला. आणि खोटं सोडून द्यायची सवलत देऊन, तीन बातम्यांचा दंड ठोकून मला पुन्हा नालीवर पाठवलंत.

एकदा तरी ओरडायचं होतं ना माझ्यावर. 'काऊन वं तोडला निंब?' एवढंच म्हणायचं. मी सगळं सांगितलं असतं, अर्ज, सही, आरशासारखं चित्र. तुम्ही चिडला असतात, मी रडले असते, एक दिवस चहा मिळाला नसता आणि मिटलं असतं. आता ते कोणापाशी मिटवू? तुम्ही माझं खोटं सांभाळलंत, आणि मला वाटत होतं मी तुम्हाला सांभाळतेय. याची मला इतकी चीड येते आणि तुमचे पाय धरावेसे वाटतात, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीला आता तुम्ही नाही.

चहा ओतून दिल्यावर मी आज बाहेर गेले. नालीवर नाही, टोकाला गेले. दवाखान्यातून आले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या खोडापाशी उभी राहिले. आता आत येऊन बसले आहे आणि तुमच्या उंबऱ्यावर कुणी नसलं तरी क्रमाने सांगते.

बातमी अशी आहे. निंब तोडला. दिवाळीनंतर, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. अर्ज माझ्या अक्षरात होता. खोड गुडघ्याएवढं आहे, मधे तांबूस, कडेला फिकट. त्याच्यावर काळ्या मुंग्या होत्या, तिथून काळेबाईंच्या दाराकडे चालल्या होत्या. तोंडात काय होतं ते पाहिलं. काहींच्या कण्या, बाकीच्या रिकाम्याच. साळुंक्या काळेबाईंच्या अँटेनावर बसल्या होत्या आणि काळेबाई आतून ओरडत होत्या की चित्र हलतंय. साळुंक्या किती, असं विचाराल तर मोजता आल्या नाहीत. डोळ्यांत पाणी होतं. ही माणसाची बातमी झाली, माहीत आहे मला. आजच्या दिवस चालवून घ्या.

चहा ठेवते.